पेटीत बारा बाटल्या, कारण अज्ञात

गेम अडखळायला लागला तेव्हा मी पहिला संशय घेतला तो घोड्यावर. घोडा नुकताच बदलला होता. लाकडी पुलाजवळ आलो की स्क्रीन गच्च थांबायची: घोड्याचे पुढचे दोन पाय हवेत, मागून झेपावलेला लांडगा हवेत, आणि मी खुर्चीत, माउसवर बोट दाबून. चार-पाच सेकंदांनी सगळं एकदम धावत सुटायचं. तोवर लांडग्यानं माझा लचका तोडलेला असायचा.

चौसष्ट वर्षांचा माणूस दुपारी जेवून झाल्यावर तलवार घेऊन लांडग्यांशी मारामारी करतो, याचं कुणाला हसू येत असेल तर खुशाल येऊ द्यावं. मी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं काढली आहेत. तिथे कुणी हसायलासुद्धा यायचं नाही. लोक यायचे, जुना कागद मागायचे, मी तो सात मिनिटांत काढून द्यायचो, आणि ते आभार न मानता जायचे. त्या खोलीत मी एकच नियम पाळला आणि हाताखालच्यांना पाळायला लावला: लिहिलेल्या नोंदीवर पुन्हा लिहायचं नाही. बदल झाला तर खाली नवी नोंद. खोडायचं नाही, फाडायचं नाही, फेकायचं तर नावच काढायचं नाही. माझ्या खोलीतून छत्तीस वर्षांत एक चिठोरं हरवलं नाही.

संगणक माझ्या मुलीचा. घरात तिला आम्ही खारूताई म्हणायचो, कारण लहानपणी ती सगळ्यांच्या खिशात काही ना काही लपवून ठेवायची. कचेरीत साहेबांसमोर पेन काढायला खिशात हात घालावा आणि अर्धं खाल्लेलं बिस्किट हाती लागावं, असं माझं किती वेळा झालं आहे. मोठी झाल्यावर ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथे नवा संगणक घेतला, आणि जुना तिच्या खोलीत राहिला. त्याच्यावर तिचा हा गेम होता. राज्यं, जंगलं, जडीबुटी, गावोगाव अडचणीत सापडलेली माणसं, आणि त्या सगळ्यांचं ओझं खांद्यावर घेऊन फिरणारा एक दाढीवाला योद्धा.

मी तो उघडला कारण घरात बोलायला कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. त्यानंतर वर्षभरानं खारूताई चार दिवस सुट्टी काढून आली आणि मी बाजारात गेलो असताना तिनं आईचं कपाट आवरलं. मी परत आलो तर दारात तीन मोठ्या पिशव्या बांधून ठेवलेल्या. एकीत औषधांची रिकामी पाकिटं होती. हिच्या शेवटच्या आजारपणातलं प्रत्येक पाकीट मी तारीख घालून, रबरबँड लावून ठेवलं होतं.

"बाबा, रिकामी पाकिटं आहेत ती," ती म्हणाली. "यातलं काही आई नाहीये. तुम्ही या खोलीत श्वास तरी कसा घेता?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाला येईल ते बोललो. त्यातलं शेवटचं वाक्य असं, की ज्याला या घरातलं फेकावंसं वाटतं त्यानं या घरात पुन्हा पाय ठेवू नये. तिनं पिशव्या उचलून आत ठेवल्या, एकेक गाठ सोडली, आणि ती दुपारच्या गाडीनं गेली. त्यानंतर तिचा फोन नाही आणि माझाही नाही. रागीट आहे ती. कुणावर गेली आहे हे सांगायला नको.

आता त्या गेमची एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. खातं एकच, तिच्या नावाचं. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी खेळता येतं. जो मागून येतो तो आत जातो, आधीचा बाहेर पडतो. मी खेळायला लागून महिना झाला असेल, एका शनिवारी बरोबर चार वाजता स्क्रीन काळी झाली आणि अक्षरं उमटली: तुमचं खातं दुसऱ्या संगणकावर उघडलं आहे. तुम्हाला बाहेर काढण्यात येत आहे.

पहिल्यांदा मी चिडलो. लढाई अर्ध्यावर होती. मग चप्पल घालता घालता लक्षात आलं, दुसऱ्या संगणकावर म्हणजे तिच्या. म्हणजे ती बरी आहे. हातपाय धड आहेत, शनिवारी सुट्टी मिळते, आणि खेळावंसं वाटण्याइतकं मन थाऱ्यावर आहे. एवढं सगळं त्या दोन ओळींत होतं. मी तासभर चालून आलो, म्हणजे तिला निवांत खेळता येईल.

पुढच्या शनिवारी पुन्हा चार. त्याच्या पुढच्याही. मग मी शनिवारी साडेतीनलाच चहा उरकून, धुतलेला शर्ट घालून बसायला लागलो. कोण बघणार होतं? पण बसायचो. चार वाजता बाहेर काढला जायचो आणि फिरायला जायचो. खरं सांगायचं तर आठवड्यातली माझी ती एकच भेट होती.

माझी एक वही होती, अजून आहे. गेममध्ये जिथवर पोहोचलो ते सेव्ह करता येतं, आणि गेम उघडला की सगळ्यात शेवटच्या सेव्हपासून पुढे सुरू होतो. प्रत्येक सेव्हला मी क्रमांक आणि नाव द्यायचो आणि वहीत नोंदवायचो. 'क्र. ११८४, नदीकाठ, घोडा ठीक, ढाल फुटलेली.' बाहेर काढल्याचीही नोंद असायची, लाल शाईत. आणि मधूनच काही नोंदी अशा: 'काल नदीकाठी थांबलो होतो. आज घरात सापडलो. वयाचा परिणाम?' किंवा 'पेटीत बारा बाटल्या. कारण अज्ञात.' बाटल्या म्हणजे जखम भरून काढणारं औषध. गेममध्ये माझं एक छोटं घर होतं, त्यात एक पेटी. तिच्यात अधूनमधून न ठेवलेल्या बाटल्या निघायच्या. ढाल आपोआप दुरुस्त झालेली असायची. मी म्हटलं, गेम बनवणाऱ्यांना म्हाताऱ्यांची दया आली असेल.

असे एक्केचाळीस शनिवार गेले. बेचाळिसाव्या शनिवारी चार वाजले, सव्वाचार झाले, पाच झाले, आणि मी आपला आतच. शर्टाला इस्त्री होती. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. घोडा पुलावर अडकायला लागला तोही याच सुमाराला.

सात शनिवार झाले. आजारी असेल. नोकरी बदलली असेल. नवं खातं काढलं असेल, आणि हे मला टाकून दिलं असेल, पिशवीत बांधून. फोन समोरच होता. एकदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. काय बोलणार होतो? 'तू मला बाहेर का काढत नाहीस' असं विचारणार होतो का? मी भित्रा आहे, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

मग एक वेड डोक्यात बसलं, की गेम दुरुस्त करायचा. ती आली तर तिला तो चालता सापडला पाहिजे. मी रीतसर सुरुवात केली. वहीत नवं पान, डावीकडे उपाय, उजवीकडे परिणाम. सावल्या बंद केल्या: अडखळणं तसंच. गवत काढलं: तसंच. पाण्यातली प्रतिबिंबं काढली, धुकं काढलं, लांबचे डोंगर काढले. ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला, त्यासाठी एक अख्खी सकाळ गेली. डबा उघडून ब्रशनं धूळ काढली. आत पंख्याच्या पात्यांवर मांजराच्या शेपटीएवढी धूळ निघाली. शेवटी माझा योद्धा एका बोडक्या माळावर सपाट झाडांमधून चालत होता, त्याची सावलीसुद्धा सोबतीला नव्हती, आणि पुलापाशी आला की चार-पाच सेकंद गच्च. मी हात टेकले.

संगणक रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान एका बाईंचं. पंचेचाळिशीच्या, केस आखूड, कपाळावर चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपणच बिघडलोय असं समजावं. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला.

"काका, तुमच्या मशीनला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तासभर गेम चालवला. लोण्यासारखा चालतोय. सावल्या, गवत, सगळं चालू करून."

"पुलावर गेलात का?"

"पुलावर गेले, डोंगरावर गेले, दोन लांडगेपण मारले. घेऊन जा."

घरी आणला. पूल, गच्च. मी पुन्हा रिक्षा केली. बाईंनी मला आणि डब्याला आळीपाळीनं पाहिलं, स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा इथे. माझ्यासमोर खेळा."

मी खेळलो. घरातून निघालो, सेव्ह केलं. ओढा ओलांडला, सेव्ह केलं. पूल दिसला, पुलावर लांडगे येतात हे माहीत असल्यामुळे सेव्ह केलं, आणि स्क्रीन थांबली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "काका, दर दहा पावलांना सेव्ह करता?"

"काळजी घेतलेली बरी."

"आणि जुनी सेव्ह? त्याच्यावरच करता की नवीन?"

"नवीन. जुन्या नोंदीवर लिहायचं नसतं."

त्यांनी यादी उघडली. ती खाली सरकवत गेल्या, सरकवत गेल्या, मग चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "दोन हजार तीनशे..."

"सोळा," मी म्हणालो. "माझ्या क्रमांकाप्रमाणे."

त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. तपासताना त्यांनी नवा गेम सुरू केला होता, त्यात यादीच नव्हती, म्हणून त्यांना दिसलं नाही, असं त्यांनी कबूलही केलं. मग समजावून सांगितलं. प्रत्येक वेळी सेव्ह करताना गेम आधीची अख्खी यादी तपासतो, मग नवीन लिहितो. यादी जेवढी लांब तेवढा थांबतो. घोडा निर्दोष होता. मी पुलाच्या अलीकडे दर वेळी सेव्ह करायचो, म्हणून पूल.

"आणि हे सगळं क्लाउडवर जातंय," त्या म्हणाल्या. "हेच खातं आणखी कुणी वापरतं का?"

"मुलगी."

"मग तिच्या मशीनवर हे सगळं आधी उतरणार, त्याशिवाय तिचा गेम सुरू होणार नाही. एवढ्या फायली म्हणजे तिच्याकडे अर्ध्या वाटेत लटकत असणार. वैतागून बंद करत असेल बिचारी."

मी स्टुलावरच बसून राहिलो. सात शनिवार ती दारापर्यंत येत असेल आणि माझ्या पसाऱ्यानं तिची वाट अडवलेली असेल, हे मला त्या दुकानात, वायरींच्या भेंडोळ्यांमध्ये बसून कळलं. बाई म्हणाल्या, "एका क्लिकचं काम आहे, सगळं उडवते, शेवटचं एक ठेवते." त्यांचा हात माउसकडे गेला आणि मी ओरडलो. दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली.

"मी करीन," मी म्हणालो. "घरी. एकेक करून. वहीशी ताडून."

"दोन हजार?"

"माझी आहेत ती."

बाईंनी मला वर-खाली पाहिलं आणि डबा बांधून दिला. जाताना एवढंच म्हणाल्या, "काका, पण खरंच काढा हां."

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून बसलो. क्र. १, गावाची वेस, तलवार बोथट. वहीत खूण केली आणि यादीतून काढलं. छत्तीस वर्षांत मी काही फेकलं नव्हतं. पन्नास झाल्यावर हात सरावला. शंभर झाल्यावर जरा बरंच वाटलं, आणि त्याचा रागही आला.

क्र. १७२ नंतर यादीत एक सेव्ह होतं, जे वहीत नव्हतं. त्याला नाव नव्हतं; गेम आपोआप देतो तसा नुसता आकडा. छत्तीस वर्षं ज्यानं रेकॉर्ड सांभाळलं त्याच्या रेकॉर्डमध्ये बेवारस नोंद! मी ती बाजूला ठेवली. पुढे आणखी एक निघाली. मग आणखी. संध्याकाळपर्यंत अशा आठ मिळाल्या, तेव्हा मी त्यांच्या तारखा पाहिल्या. आठही शनिवारच्या. वेळ साडेचार, पावणेपाच, पाचला पाच कमी.

तीन दिवसांनी माझी सगळी सेव्ह काढून झाली. नोंद नसलेली उरली एक्केचाळीस. वहीतले लाल शाईचे शनिवार मोजले. एक्केचाळीस.

मग मी पहिलं उघडलं. माझाच दाढीवाला माझ्याच घरात, पेटीसमोर उभा. पेटी उघडली. बारा बाटल्या. दुसरं उघडलं: ढाल दुरुस्त, घोड्याला नवं खोगीर. नववं: गुहेतला तो राक्षस, ज्यानं मला दोन आठवडे रडवलं होतं आणि जो एका दिवशी नुसताच मरून पडलेला सापडला होता. मी वहीत लिहिलं होतं, 'राक्षस मृत. बहुधा म्हातारपणाने.' सत्ताविसावं: पेटीत बाटल्या नाहीत, एक पाव आणि एक लोकरीचा डगला. त्या आठवड्यात मी गेममध्ये बर्फाच्या डोंगरावर गेलो होतो.

ती तिचा गेम खेळायला येत नव्हती. तिचा स्वतःचा योद्धा वेगळ्या यादीत दोन वर्षांपासून पडून होता. दर शनिवारी चार वाजता ती मला बाहेर काढायची, माझ्या माणसाला जिथे असेल तिथून घरी आणायची, त्याचं दुखलंखुपलं बघायची, त्याच्या पेटीत काहीतरी लपवायची आणि निघून जायची. आणि मी मूर्ख माणूस, तिला निवांतपणा मिळावा म्हणून रस्त्यावर फेऱ्या मारत होतो.

मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही; बघायलाही कुणी नव्हतं.

ती एक्केचाळीस मी ठेवली. आणखी एक करायचं होतं. सेव्हला नाव द्यायला तीस अक्षरांची जागा असते. मी वहीत मसुदे केले. पहिला कार्यालयीन झाला, दुसऱ्यात मीच तिला समजावत होतो, तिसऱ्यात आईला मध्ये आणलं. सगळे खोडले. हो, खोडले. शेवटी योद्ध्याला पेटीसमोर उभं केलं आणि नाव दिलं: 'चूक माझी होती. येत जा.'

शनिवार तीन दिवसांवर होता. त्या तीन दिवसांत मी कपाटासमोर दोनदा जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा दार उघडलं आणि रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा बाहेर काढला. रबरबँड इतके वाळले होते की हात लावताच तुटले. सगळं पिशवीत भरलं, पिशवी दारात ठेवली, आणि कचऱ्याची गाडी येऊन गेली तेव्हा आत नळ सोडून उभा राहिलो, म्हणजे आवाज येऊ नये.

शनिवारी साडेतीनला चहा झाला. शर्ट धुतलेला होता. सावल्या, गवत, धुकं सगळं परत चालू केलं होतं. पूल एका दमात ओलांडला. लांडगा आला, मी त्याला मारला, सेव्ह केलं नाही. दुसरा आला. चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं झाली. घड्याळ पुढे असेल म्हणून फोनमध्ये पाहिलं; तिथेही चार-दोनच होते. सव्वाचार झाले. माझ्या माणसाला पुलावर नुसता उभा करून ठेवला. खालून पाणी वाहत होतं, फार सुंदर वाहत होतं.

चार वाजून एकोणीस मिनिटांनी स्क्रीन काळी झाली.

मी फिरायला गेलो नाही. खुर्चीतच बसून राहिलो, हात मांडीवर, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. पाच वाजून दहा मिनिटांनी गेम पुन्हा उघडला. यादीत नवीन सेव्ह होतं, आणि पहिल्यांदाच त्याला नाव होतं.

'बाबा, सगळं फेकलंत?'

पेटीत काय ठेवलंय ते बघायचं सुचलंच नाही. मी नवं सेव्ह केलं. नावाच्या जागेत लिहिलं, 'तुझं ठेवलंय.' आणि लगेच गेम बंद केला, म्हणजे तिला वाट मोकळी राहील.